बस्करपट्टीची दुमडलेली शेपटी

मित्रांनो, जिच्यावर मांडी घालून मुलं पाढे म्हणायची, ती तागाची लांबलचक बस्करपट्टी म्हणजे मी. मागावर विणलं तेव्हा मला ना पुढचं होतं, ना मागचं. पाटसजवळच्या वस्तीशाळेत आले आणि माझे दोन भाग झाले. फळ्याजवळ बागायतदारांची मुलं. उंदरांनी कुरतडलेल्या शेपटीवर ऊसतोड्यांचा खंडू आणि पंक्चरवाल्या सत्तारमामांची सुमैया. तिथून फळा दिसत नसे. दिसत नाही म्हणून वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून मागे बसायचं! हा कुठला न्याय?

तपासणी आली की हौसराव गुरुजी माझी फाटकी शेपटी खाली दुमडत आणि तिच्यावरच्या मुलांना घरी पाठवत. साहेब म्हणत, "वा! शाळा कशी नीटनेटकी!" माझ्या अंगाची आग होई.

त्या वर्षीही गुरुजी म्हणाले, "सुमे, खंड्या, उद्या येऊ नका. शाळेचं नाक कापाल."

"गुरुजी, अब्बा म्हणत्यात, औंदा वाचता आलं न्हाई तर शाळा बंद. आन् तुमी घरीच बसवताय व्हय?"

"लई तोंड सुटलंय तुझं!"

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर पुढच्या रांगेतली सविता खणखणीत वाचत होती. एवढ्यात खंडूचा हात धरून सुमैया आत आली. गुडघ्यावर बसून तिनं माझी शेपटी ओढून काढली, झटकली, थेट उंबऱ्यापर्यंत पसरली.

"साहेब, आमची जागा ही. दुमडून ठिवली व्हती."

साहेबांनी फळ्याकडे बोट केलं. "वाच बरं."

"हितनं दिसत न्हाई. तुमीच बसून बघा की."

साहेब खरंच माझ्या चिंध्यांवर टेकले. डोळे बारीक केले. चष्मा पुसला. मग थंडपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही या. इथं बसून वाचा."

गुरुजी बसले. मान पुढे काढली, डोळे चोळले. फळ्यावरचं एक अक्षर लागेना.

शाळेला कोणती श्रेणी मिळाली, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या सकाळी सुमैयानं माझं फाटकं टोक फळ्यापाशी ओढलं.

"अगं, आल्या-गेल्याला चिंध्या दिसतील!" गुरुजी म्हणाले.

"दिसू द्या," ती म्हणाली आणि त्या चिंध्यांवरच बसली.

पाडव्याच्या आत तिनं अख्खा धडा वाचला. सत्तारमामा दाराशी उभे राहून ऐकत होते.

मित्रांनो, घडीचा वण माझ्या अंगावर अजून आहे. मी फाटले तर टाका घाला, मळले तर झटका. पण मला दुमडू नका. माझ्या घडीखाली कुणाची तरी बसायची जागा असते.