खोलीचा ताबा

दीड वर्षाच्या पोरीला घेऊन समुद्रावर जायचं ठरल्यापासून पूर्वीला जी स्वप्नं पडत होती, त्यांत काय काय नव्हतं! इरा कठड्याच्या फटीत डोकं घालतेय, इरा जेवणाच्या हॉलमध्ये हरवलीय, इराला कुणा भलत्याच बाईने कडेवर घेतलंय. एकच गोष्ट स्वप्नात आली नव्हती. बोट रिकामी करायच्या सकाळी सासरे पलंगावर मांडी ठोकून बसतील आणि "मी उठनार नाय" म्हणतील, याची काळजी करून ठेवायची तिची राहूनच गेली होती.

या सगळ्याची सुरुवात नवीन पनवेलच्या घरी, सासूपासून झाली. रंभाबाई उरणजवळच्या करंजा गावच्या. जन्म मचव्यांमध्ये आणि सुकत घातलेल्या मासळीच्या वासात गेला, पण आयुष्यभर त्यांनी समुद्र म्हणून पाहिलं ते चहाच्या रंगाचं पाणी. पाय घातला की घोटा दिसेनासा. लक्षद्वीपला म्हणे पाण्याचा तळ दिसतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "मला एकदा तो तल बघायचा हाय."

"आईने लग्नाच्या चाळीस वर्षांत मागितलेली पहिली गोष्ट!" मितेश, म्हणजे त्यांचा मुलगा नि इराचा बाप, गहिवरून म्हणाला.

"दुसरी," रंभाबाई म्हणाल्या. "पयला मिक्सर मागितलेला. तुज्या बापाने तो सहा वर्षांनी आणला."

मग लक्षद्वीपच्या बोटीचं ठरलं. पण पूर्वी थेट एवढ्या लांब जायला तयार होईना. आधी त्याच बोटीने गोव्यापर्यंत जाऊन येऊ, इराला सोसलं तर लगेच पुढची फेरी धरू, असा तोडगा तिनेच काढला आणि दोन्ही बुकिंगंही तिनेच केली. मधला दिवस कसा असतो हेही तिने वाचून काढलं आणि एका रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून समजावलं.

"त्या सकाळी बोट मुंबईला लागते. सगळे प्रवासी उतरतात. आपणही उतरायचं. बोटीवर एकही प्रवासी नाही अशी खात्री झाली की मगच नवे लोक आत घेतात. आपण दोन्ही फेऱ्यांचे, म्हणून आपल्याला त्यांच्याआधी सोडतात. सामान खोलीतच राहील. दुपारपर्यंत पोहण्याचा पूल बंद, जेवण साधं, पण सगळी बोट आपल्याला मोकळी. कळलं ना, बाबा?"

सासरे, कमळाकर भोपी, टीव्हीवर गावच्या टेनिस क्रिकेटची फायनल बघत होते. "हां, हां," ते म्हणाले. पूर्वीने ती संमती धरली. ती प्रत्यक्षात षटकाराला दिलेली दाद होती.

गोव्याची फेरी झकास झाली. इराला समुद्र सोसला. पूर्वीलाच दोन रात्री झोप नव्हती, कारण इरा झोपली की ती श्वास घेतेय ना, हे पाहायला ती दर थोड्या वेळाने उठायची. आणि मग ती सकाळ उजाडली. स्पीकरवरून सूचना झाली. बाहेर बॅगांची चाकं खडखडू लागली. रंभाबाई पर्स काखेत मारून दाराशी उभ्या राहिल्या. मितेशने इराला उचललं.

बाबा मात्र पलंगावर. अंगात हाफ पँट, गळ्यात गोफ, मांडी पक्की.

"उठा बाबा, उतरायचंय."

"कोनी सांगितलं?"

"बोटीवाल्यांनी. आणि मीही सांगितलं होतं, पनवेलला."

"का उतरायचं? पैशे भरलेत ना पुढचे?"

"भरलेत. फक्त थोडा वेळ बाहेर बसायचं. खोली आपलीच राहणार."

"हां!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "हेच. अगदी हेच शब्द. 'भोपी, तुमी फक्त थोडे बाजूला व्हा. जागा तुमचीच राहनार.' माज्या बापाला असंच सांगितलं सरकारी मानसांनी. तो झाला बाजूला. आता आमच्या शेतात दोन बँका नि केकचं दुकान हाय."

"बाबा, ते जमिनीचं होतं. ही बोट आहे," मितेश म्हणाला.

"जमीन निदान हालत तरी नवती. ही तर चालनारी जागा. उद्या कोचीनला जाऊन शोधू का आपली खोली?"

"अहो, साडेबारा टक्के तरी मिळालेच ना परत तुम्हाला," शहरासाठी घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत द्यायची सरकारी योजना आठवून पूर्वीने समजूत घालायला पाहिली. ही तिची चूक झाली.

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. चार पलंग, सोफा, काचेचं दार. डोळ्यांनीच मोजणी केली. "या खोलीचे साडेबारा टक्के म्हंजे काय येतं सांगू? नुसता संडास."

रंभाबाई दाराशी फसकन हसल्या. मग हसू गिळून म्हणाल्या, "अवो, उठा. माजा तल राहील बघायचा."

"तू जा. मी हितं राखन बसतो."

"एक जरी प्रवासी आत राहिला तरी बोट रिकामी धरत नाहीत, आई. मग आपल्या सगळ्यांनाच उतरवतील," पूर्वी म्हणाली. रंभाबाईंनी काखेतली पर्स पोटाशी घट्ट धरली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, असं पूर्वीला वाटलं.

पूर्वी एमकॉम झालेली, पण लग्न होऊन चार वर्षं भोप्यांच्या घरात राहिलेली. तिच्या लक्षात आलं की या माणसाला पुरावे देऊन उपयोग नाही. पुरावे त्यांनी कपाटभर पाहिलेत. त्यांना हवा होता ताबा. आणि रिकाम्या प्लॉटवर ताबा कसा ठेवतात, हे पनवेलच्या रस्त्याने जाणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"बाबा, बोर्ड लावू या?"

बाबांनी पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. "लिव."

डायपरच्या खोक्याचं झाकण फाडलं. पेन सापडेना, तेव्हा पर्समधली लिपस्टिक निघाली. बाबा सांगत गेले, पूर्वी लिहीत गेली. *सदर खोली श्री. कमळाकर जोमा भोपी यांच्या कब्जात व वहिवाटीत आहे. कोणीही अतिक्रमण केल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.*

"खाली लिव, हुकुमावरून."

"कुणाच्या हुकुमावरून?" मितेशने विचारलं.

"ते कोन विचारत नाय. पन लिवावं लागतं."

औषधांच्या पिशवीतल्या चिकटपट्टीने बोर्ड दारावर लागला. बाबांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, डावा कोपरा वर करायला लावला आणि मग कुठे पायांत चपला सरकवल्या. जाता जाता म्हणाले, "तू सांगतेस म्हनून उठतोय हां. खोली गेली तर तुला विचारीन."

"विचारा," पूर्वी म्हणाली. शंभर टक्के खात्रीने म्हणाली.

धक्क्यावरच्या हॉलमध्ये त्यांना एका बाजूला बसवलं. काचेपलीकडे नव्या फेरीचे लोक गर्दी करून उभे होते. ऊनटोप्या, पोहायच्या हवेच्या ट्यूबा, एक अख्ख्या वऱ्हाडाएवढा घोळका. बाबा काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिले. "आले बघ. सगले खोल्यांवर डोला ठेवून हायत."

काउंटरवर धनेश नावाचा तरुण अधिकारी नवी कार्डं देत होता. पूर्वीने पाच कार्डं घेतली, सवयीने दोनदा तपासली आणि तिसऱ्यांदा पुन्हा वाचली. खोलीचा नंबर वेगळा होता. मजलासुद्धा वेगळा.

"हे चुकलंय," ती कुजबुजली.

"नाही मॅडम, दोन बुकिंगं वेगवेगळी आहेत ना. दुसऱ्या फेरीत तुमची आधीची खोली दुसऱ्यांना दिलीय. सामान आमची माणसं हलवतील. काल आमचा माणूस तीनदा सांगायला आला होता." धनेशने आवाज अजून खाली आणला. "तीनही वेळा दार बोटभर उघडलं, कुणीतरी तोंडावर बोट ठेवून 'श्श्श' केलं आणि दार लावून घेतलं."

कुणीतरी! पूर्वीला ते तीनही श्श्श आठवले. इरा नुकतीच झोपली होती.

"आणि दारावर एक बोर्ड आहे," धनेश म्हणाला. "तो... ठेवायचा का?"

मितेशने तिला खांबाआड ओढलं. "आत्ता बाबांना काही बोलू नकोस. एकदा आत जाऊ देत, मग हळूच सांगू. आत गेल्यावर काय करणार आहेत?"

बरोबरच होतं ते. शहाणपणाचं होतं. धनेशनेही सांगितलं होतं की नव्या लोकांना सोडायच्या आत हे पाचजण गेले नाहीत, तर ते आलेच नाहीत असं धरून बोट सुटेल. पलीकडे रंभाबाई एका सफाईवालीला विचारत होत्या, "तो तल बघायला चष्मा लागतो का गो, की असाच दिसतो?"

पूर्वीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून काचेपाशी पहारा देत होते. आधी बाजूला व्हा, नंतर हळूच सांगू. हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल? आणि आज ते म्हणायला भोप्यांच्या घरातलीच सून, लिपस्टिकने बोर्ड लिहून!

ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, खोली गेली."

"काय?"

"ती खोली दुसऱ्यांना दिलीय. आपल्याला दुसरी मिळालीय. चूक माझी. मी दोन बुकिंगं केली आणि खोलीचा नंबर पाहिलाच नाही. ते सांगायला आले तर मी त्यांना गप्प करून परत पाठवलं. तुमचं बरोबर होतं."

बाबा गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, हॉलच्या मधोमध जमिनीवर बसले. आंदोलनात मुरलेला माणूस बसतो तसे, कुणी उचलायला आलं तर जड जाईल असे.

"काका, प्लीज, वेळ नाहीये," धनेश धावत आला.

"तू कुठला?"

"उरणचा."

"बघा! आपलाच मानूस नि आपल्यालाच उठवतो."

काचेपलीकडच्या वऱ्हाडाने मोबाइल बाहेर काढले. मितेशने टोपी नाकापर्यंत ओढली. आणि रंभाबाई पुढे आल्या. त्यांनी पूर्वीच्या हातातलं आपलं कार्ड काढून घेतलं, मितेशच्या कडेवरची इरा घेतली आणि बोटीकडे जाणाऱ्या फाटकाकडे तोंड केलं.

"कुठं चाललीस?" बाबांनी विचारलं.

"तल बघाया. तुमी बसा. हितंच असाल ना, मी परत येईपातूर?"

"आई, इराला कुठे नेताय? तिची टोपी! तिचं पाणी!" पूर्वी ओरडली. पण सासू फाटकातून पार झालीसुद्धा, आणि इरा तिच्या खांद्यावरून आजोबांना टाटा करत होती.

बाबा बसलेच होते, पण आता बसण्यात तो जोर राहिला नव्हता. ज्या आंदोलनातून बायको उठून गेली, त्याला फारसा अर्थ उरत नाही. ते पूर्वीकडे वळले.

"तू मला आत गेल्यावर का नाय सांगितलंस?"

"मग तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"म्हंजे हे तुला कलतं." त्यांनी जमिनीवर बोटाने एक चौकोन काढला आणि पुसला. "माज्या बापाला कोनी येऊन सांगितलं नाय. तो आपला गेला नेहमीसारखा सकाली, नि बघतो तर कुंपन. चूक झाली, असं आजवर एक मानूस बोलला नाय आमाला. तू पयली. नि तू आमच्याच घरात." ते नाकातून हसले. "आता तुज्याविरुद्ध मोर्चा काढू, तर जेवायला कोन वाढील?"

"उठता ना मग?"

"थांब. घाई करू नको, घाईतच फसवतात." आता ते धनेशकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. सौद्याला बसलेल्या माणसाची. "बदल्यात दिलेली जागा कशी हाय? आतल्या बाजूला हाय का?"

धनेशने नकाशा उघडला. त्याच्या कपाळावर घाम होता. "नाही काका. मागच्या टोकाला आहे. कोपऱ्यावर."

"कोपऱ्यावर?" बाबा गुडघ्यावर उठले. "कॉर्नर?"

"हो. दोन्ही बाजूंनी गॅलरी."

"म्हंजे दोन्हीकडून फ्रंट! नि शेजारी?"

"एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला नुसता समुद्र."

"नि वर चढवलेलं बांधकाम?"

"वर आकाशच आहे, काका."

बाबा ताडकन उभे राहिले. हाफ पँटची मागची धूळ झटकली आणि सुनेवर डाफरले, "मग हे आधी नाय का सांगायचं? कॉर्नरची जागा नि तू रडतेस काय! चला, चला, कोनी दुसरा शिरायच्या आत."

आणि मितेशच्या हातातली इराची बॅग हिसकावून ते फाटकाकडे असे काही सुटले की पूर्वीला इराची टोपी हातात घेऊन त्यांच्यामागे पळत सुटावं लागलं.