आमच्या वर्गातले सगळे

पुस्तकाचं नाव टोकासाबाईंनीच ठेवलं होतं, 'आमच्या वर्गातले सगळे'. फिजीच्या त्या लहानशा बेटावर तोवर चित्रांची पुस्तकं यायची ती परदेशातून, आणि त्यांत बर्फ असायचा. आपल्या मुलांना पानावर आपलेच चेहरे दिसले तर ती भराभर वाचायला लागतील, कुणी मागे पडणार नाही, कुणी परकं राहणार नाही, हे बाई सुवा शहरातल्या प्रशिक्षणात शिकून आल्या होत्या. आल्या त्या भारावूनच. त्यांना दुसरं बोलणंच सुचेना. हेडमास्तर तर बाई दिसल्या की चहाचा कप उचलून पळ काढायचे.

एकेका मुलाला एक अख्खं पान, वर मोठा फोटो आणि खाली दोन ओळी. प्रकाशनाला सगळं गाव सभागृहात चटयांवर बसलं होतं. शिक्षण खात्याचे साहेब होते, नारळाच्या दुधातले पाव होते. पुढच्या रांगेत ठेवणीतला झगा घालून असेनाथा आजी बसली होती. बाईंसाठी तिने स्वतः हार गुंफून आणला होता.

तिच्या शेजारी हातगाडीत तिची नात केलेरा. पोरीचे पाय चालत नव्हते, हात वाकडे, आणि तोंडातून 'हं' आणि 'ना' एवढंच फुटायचं. आजी रोज तिला ढकलत शाळेत आणायची. बाकांमधून गाडी जात नसे, म्हणून ती वर्गाच्या दाराशीच लागायची. बाकीची मुलं अक्षरं गिरवायची तेव्हा बाई तिच्या मांडीवर एखादं पुस्तक ठेवायच्या. बिचारीला चित्रं तरी बघू दे, म्हणायच्या.

मुलं आपापलं पान वाचू लागली. "विलिसी झाडावर चढते. तिला फक्त शार्कची भीती वाटते," असं विलिसीने ठणकावून वाचलं आणि लोक पोट धरून हसले. शेवटचं पान झालं. टाळ्या पडल्या.

"आणि आमची?" आजीने विचारलं.

बाईंनी पुस्तक चाळलं. मग उलटं चाळलं.

"घाबरू नका हो बाई," आजीच त्यांना धीर देऊ लागली. "ही मेली समुद्राची हवा! चिकटली असतील पानं." तिने पुस्तक ओढून घेतलं आणि बोट जिभेला लावून एकेक पान सोडवायला बसली.

"आजी, पाव समजून खाल्लं नाहीस ना ते पान?" मागून कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं, पण फार टिकलं नाही. आजी शेवटच्या पानापर्यंत आली होती.

फोटोंचा दिवस बाईंना लख्ख आठवला. वर्गात उजेड फक्त दाराशी होता आणि दाराशी केलेराची गाडी. बाईंनी आपल्याच हातांनी ती बाहेर व्हरांड्यात ढकलली होती. "पाचच मिनिटं हं, राणी. तुझा शेवटी काढू." मग घंटा झाली. नंतर बाईंनी पुस्तक कितीदा तरी तपासलं, काना-मात्रा सुधारल्या. पोर नाही हे लक्षातच आलं नाही!

"हं! हं!" केलेराला पुस्तक हवं होतं. आजीने ते तिच्या मांडीवर ठेवलं. केलेराने तळव्याने रेटून पुस्तक मिटलं, मुखपृष्ठ वर केलं आणि वाकडं बोट घासत घासत शेवटच्या शब्दावर आणलं. 'सगळे' या शब्दावर. तिने बाईंकडे पाहिलं.

"ना," ती म्हणाली.

बाईंना वाटलं, बोट सहज तिथे गेलं असेल. "केलेरा," त्यांनी विचारलं, "शार्क कुठे लिहिलंय, दाखवशील?"

अख्ख्या पुस्तकात शार्कचं चित्र नव्हतं. केलेरा पानं रेटत राहिली. झाडावरून दात काढणारी विलिसी आली तशी ती थांबली आणि बोट खालच्या ओळीत गेलं. थेट 'शार्क'वर.

मागच्या रांगेतली माणसं बघायला उठून उभी राहिली.

"बाई," आजीने विचारलं, "हिला वाचता येतं? कधीपासून?"

बाईंना ठाऊक नव्हतं. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. येतं का, हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. दाराशी बसून पोरीने एकटीने हे सगळं गोळा केलं होतं. बाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अहो, मग आत्ताच काढू फोटो!" साहेबांनी वेळ सावरली. "चिकटवून टाकू पुस्तकात, हाय काय अन् नाय काय! फक्त इथे अंधार आहे. जरा दाराशी घ्या तिला."

काहीतरी करता येतंय म्हणून बाईंना हायसं वाटलं. डोळे पुसत त्या पुढे झाल्या आणि त्यांनी गाडीच्या दांड्याला हात घातला.

केलेरा किंचाळली. शेजारच्या खांबाला तिने दोन्ही वाकड्या हातांनी मिठी मारली. "ना! ना! ना!"

"अगं वेडे, फोटो काढतायत तुझा!" आजी तिची बोटं सोडवू लागली. "आपल्या बाई आहेत त्या. बाईंना काय घाबरायचं?"

आजीला काही कळेना. बाईंना कळलं. त्यांनी दांड्यावरचा हात काढून घेतला, तरी केलेराने खांब सोडला नाही.