राखीव पाण्याची रेघ

सिलाग बेटावर होडी ढकलणाऱ्या माणसाला "कुठे चाललास?" असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो निमूट होडी परत वर ओढतो आणि घरी जाऊन बसतो. अशा दिवशी गळाला मासा लागत नाही, आणि हट्टाने गेलंच तर त्याहून वाईट काहीतरी होतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. शहरातल्या विद्यापीठातून आलेल्या मिस ग्वेनला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने शनिवारी शाळेच्या पडवीत चाळीस कोळी जमवले, चादरीएवढा नकाशा जमिनीवर अंथरला, प्रत्येकाच्या हातात तीन-तीन शिंपले दिले आणि माइकवरून गोड आवाजात विचारलं, "तर मग सांगा, मासे पकडायला तुम्ही कुठे कुठे जाता?"

चाळीस जणांचा दिवस तिथल्या तिथे बुडाला. पण पाहुणीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यात बिचारीने सगळ्यांसाठी पाव आणि कॉफी आणलेली. शेवटी नोंग, म्हणजे दादा, सेरापिन उठला. बेटावरचा हा सगळ्यात तोंडाळ माणूस. त्याने तिन्ही शिंपले नकाशाच्या उत्तरेला ठेवले आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "इथे, मिस. इथे मासा इतका, की होडीत उडी मारून येतो."

मग काय, मेंढरामागे मेंढरू. सगळ्यांचे शिंपले उत्तरेला. शेवटी ताय, म्हणजे बाबा, ताकियो उठले. बेटावरचे सगळ्यात जुने, सगळ्यात नावाजलेले कोळी. त्यांनीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता आपले तीन शिंपले त्याच ढिगावर ठेवले.

"इतकं एकमत मी एकाही बेटावर पाहिलं नाही!" मिस ग्वेन हरखून गेली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हे सगळं टिपून घेणाऱ्या रोसेन्दाला हसावं की रडावं कळेना. ती गावाची सचिव आणि ताय ताकियोंची मुलगी. उत्तरेला निव्वळ वाळू आहे हे तिला माहीत होतं. तिथे कुर्लीसुद्धा उपाशी मरेल. पण जिथे शिंपले जास्त, तिथलं पाणी राखीव होणार होतं: चारी बाजूंनी तरंगते पिंप, पहाऱ्याला दोन माणसं, गळ टाकला तर दंड. म्हणून प्रत्येकाने वाळू दान करून आपली जागा वाचवली होती. आराखडा लिहायचा होता रोसेन्दाने. पुढच्या शनिवारी शेवटची बैठक, महिन्याभरात नगरपरिषदेची मंजुरी, आणि मग पाच वर्षं त्यात काही हलवता येणार नव्हतं.

पाच वर्षं वाळूवर पहारा! आणि तोवर मासा संपून जाईल, याची तिला धास्ती होती. ही धास्ती उगाच नव्हती. बाराव्या वर्षी, भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा, वडिलांनी तिला होडीतलं पाणी उपसायला बरोबर नेलं होतं. तेव्हा तिने ती जागा पाहिली होती. पौर्णिमेच्या आधीचे चार-पाच दिवस दक्षिणेच्या एका बुडीत खडकावर हेकरू मासे अंडी घालायला जमत. गाभोळीने पोट तट्ट फुगलेले, एकावर एक, गळाला नुसता वास लागला तरी तोंड उघडणारे. त्या दिवसांत होडी काठोकाठ भरून यायची. गेल्या वर्षी ती अर्धी आली. यंदाच्या पहिल्या पौर्णिमेला वडील सहा हेकरू घेऊन आले आणि म्हणाले, पाणी गढूळ होतं.

"ताय, उत्तरेला वाळू आहे," त्या संध्याकाळी ती म्हणाली.

ताय गळाची दोरी गुंडाळत होते. "असेना. वाळूचंसुद्धा कुणीतरी रक्षण करायला हवं."

"थट्टा नको. हेकरू संपत चाललेत. तुम्हाला दिसत नाही असं नाही."

"दाय, पोरी, ती जागा मला माझ्या बापाने मरताना सांगितली. कानात. आईलाही ऐकू दिली नाही."

"आणि ती रिकामी झाल्यावर? मग कुणाच्या कानात काय सांगणार?"

म्हातारा दोरी गुंडाळायचा थांबला. "तू लिहिशील कागदावर. मंजुरीला महिना. पौर्णिमा कधी आहे? बैठकीनंतर पाचव्या दिवशी. नकाशावर जागा दिसली की सेरापिन आणि मंडळी महिना थांबतील? चार दिवसांत खडक धुऊन नेतील. तुझा कायदा येईल तेव्हा राखायला खडक तेवढा उरेल."

आठवडाभर ती घास तोंडात घेऊन नुसती बसून राहायची. सांगितलं तर चार दिवसांत सत्यानाश, न सांगितलं तर चार वर्षांत. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे ती हातात पेन घेऊन. बापाचा विश्वासघात तो वेगळाच. तरी एक आशा तिला सुटेना: जागा कागदावर आली, तर निदान कुणाला तरी तिच्याबद्दल बोलता तरी येईल. गुपिताचं रक्षण कोण करणार?

शुक्रवारी तिने खुणा आठवल्या. किनाऱ्याजवळच्या खिंडीच्या सुळक्याआड देवळाच्या घंटेचा मनोरा बरोबर लपला पाहिजे, आणि पश्चिमेच्या भूशिरामागून शेजारच्या बेटाचं टोक नखाएवढं बाहेर आलं पाहिजे. तिने नकाशावर पट्टी ठेवली, मनोऱ्यावरून सुळक्याच्या टोकाला रेघ ओढली आणि ती तशीच पुढे समुद्रात नेली. दुसरी रेघ भूशिरावरून. दोनदा खोडावं लागलं.

शनिवारी मिस ग्वेनने विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?" रोसेन्दा उठली. तिने एक शिंपला दक्षिणेला, दोन रेघांच्या फुलीवर ठेवला.

"इथे हेकरू अंडी घालतात," ती म्हणाली. "उत्तरेला काही नाही. आपण सगळे खोटं बोललो."

मिस ग्वेन नकाशाकडे बघे, माणसांकडे बघे. ताय ताकियोंनी वाकून शिंपल्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते बाहेर पडले. सेरापिन मात्र पायाचं बोटही न हलवता त्या फुलीकडे टक लावून बसला होता. मांजर उघड्या टोपाकडे बघतं ना, तसा.

संध्याकाळपर्यंत बेटावरच्या एकुलत्या एका दुकानातलं इंजिनाचं तेल संपलं. वडिलांचं बोलणं शब्दाला शब्द खरं होत होतं, आणि ते स्वतः तिच्याशी एक अक्षर बोलत नव्हते. ताटात वाढलेलं जेवले, हात धुतले, उठले.

रविवार देवळात गेला. सोमवारी पहाटे ती धावतच किनाऱ्यावर गेली. वीसेक होड्यांच्या उलांड्या, बाजूला बांधलेले तोलाचे दांडे, वाळूवर ओळीने टेकलेल्या, माणसं त्यांना खांदा लावून उभी. आणि पाण्याच्या कडेला, सगळ्यांना ओलांडून जावं लागेल अशा जागी, पालथ्या टोपलीवर ताय ताकियो बसले होते.

सेरापिनची होडी पुढे आली. तायनी मान वर केली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कुठे चाललास, सेरापिन?"

सेरापिन जागच्या जागी थांबला. "नोंग ताकियो! शुद्धीवर आहात ना?"

"आहे की. कुठे चाललास?"

"पुन्हा विचारलंत!" सेरापिनने होडी सोडून दोन्ही हात डोक्याला लावले. "अहो, माझ्या घरात चार पोरं आहेत!"

"म्हणूनच विचारतोय. तू रे, इन्याँग? कुठे चाललास? आणि तुम्ही दोघे?"

ओळीने वीसही जणांना त्यांनी विचारलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी वाळूवर थुंकलं, एकाने छातीवर क्रूसाची खूण केली. पण होड्या एकेक करून परत वर गेल्या. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारपर्यंत ताय ताकियो बेटावर अवदसेसारखे झाले होते. बायका त्यांना बघून पोरांना आत ओढायच्या. चाळीस वर्षं ज्यांच्या हातगुणासाठी लोक नव्या होडीचा पहिला गळ त्यांच्याकडून बांधून घेत, त्यांच्या वाटेला आता कुत्रंही जाईना.

हे सगळं आपण केलं, असं रोसेन्दाला वाटत होतं, आणि त्यात ती जळत होती. शिवाय दुसराच किडा डोकं पोखरत होता. बाप मासे राखतोय, की आपली जागा? सगळ्यांना घरी बसवून शेवटच्या दिवशी स्वतः जाणार असतील तर? ते तोंडच उघडत नव्हते; कळणार कसं?

गुरुवारी, पौर्णिमेच्या दिवशी, किनाऱ्यावर कुणीच आलं नाही. ताय टोपलीवरून उठले आणि त्यांनी स्वतःच्या होडीला खांदा लावला.

"चल," ते म्हणाले. पाच दिवसांतला पहिला शब्द.

ती चढली. होडीत वल्ही होती, लाकडी चौकटीचा पोहायचा चश्मा होता. गळ दिसेना. तिने पुन्हा पाहिलं, फळीखाली हात घालूनही पाहिलं. गळ नव्हता, दोरी नव्हती.

सुळका मागे पडला. मनोरा त्याच्याआड गेला, तशी ती म्हणाली, "हीच जागा."

"ही तुझ्या शिंपल्याची जागा. बघ खाली."

तिने चश्मा लावून पाण्यात तोंड घातलं. खाली वाळू. पांढरी, सपाट, उत्तरेला असते तशीच.

ताय पूर्वेकडे वल्हवत राहिले. शंभरेक वाव, म्हणजे चारशे हात. "मनोरा वादळात पडला, आठवतं?" ते म्हणाले. "पाद्रीबाबांनी नवा बांधला तो देवळाच्या पलीकडच्या अंगाला, पूर्वेकडे. तो पूर्वेला सरकला तशी सुळक्यापुढची तुझी रेघ पश्चिमेला गेली. खूण जुन्या मनोऱ्याची होती, पोरी. जिथे आता काही नाही, तिथे बघायचं. आता वाक."

ती वाकली. खडक जिवंत होता. तपकिरी, ठिपक्यांचे, जड पोटाचे हेकरू संथपणे एकमेकांभोवती फिरत होते. पूर्वीइतके नव्हते. पण होते. तिला रडू आलं आणि चश्म्यात पाणी भरलं.

वर आली तेव्हा वडील सुळक्याकडे बघत होते. "तू शिंपला ठेवलास तेव्हाच कळलं होतं, जागा चुकली," ते म्हणाले. "म्हटलं, बरं झालं, सुटलो. पण वीस होड्या इथे वाहत आल्या असत्या, तर तासाभरात कुणाला तरी सापडलंच असतं. म्हणून बसलो टोपलीवर. तुझी चूक न सांगता गप्प राहिलो असतो तर उद्यापासून हे परत माझं एकट्याचं होतं. चार दिवस तेच घोकत होतो. लाज वाटते सांगायला."

"मग?"

"मग काय मग. तुझ्या आराखड्यात पाच वर्षं वाळू राखणार होते लोक, आणि मी वरून गाभोळीचे मासे काढणार होतो. काढून काढून किती? सहा?" त्यांनी नाक शिंकरलं. "पेन आहे?"

कागद नव्हता. तिने बाही वर केली आणि ते एकेक खूण सांगत गेले तशी मनगटापासून कोपरापर्यंत लिहीत गेली: जुना मनोरा, सुळका, भूशिर, शेजारच्या बेटाचं टोक. ते मोठ्याने सांगत होते, अडखळत, कारण या खुणा त्यांनी आजवर कधी मोठ्याने उच्चारल्या नव्हत्या. सगळं झाल्यावर त्यांनी तिचा हात धरून पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग होडी वळवली. खाली बेटावरचे सगळ्यात चांगले मासे होते. ते मात्र एकदाही वाकून बघेनात.

किनारा जवळ आला तेव्हा रोसेन्दाने विचारलं, "ताय, जेवायला आज काय करू?"

"दुकानात सार्डिनचे डबे आलेत म्हणे," ताय म्हणाले. "एक घेऊन ये."