देवीच्या विवरातलं खत

पेरणीच्या तोंडावरचे तीन दिवस गावातल्या लग्न झालेल्या बायकांचे. टेकडीवर धान्याची देवी डिमिटर, तिच्या आवारात डहाळ्यांच्या झोपड्या पडायच्या. कुंपणाच्या आत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, कुमारिकांनीही नाही. घरी चूल कोण पेटवतं, पोरांना कोण जेवू घालतं, याची काळजी बायकांनी करायची नाही. वर्षातले उरलेले सगळे दिवस कुणाचे, हे मात्र कुणी विचारायचं नसे.

त्या वर्षी विवरात उतरायचा मान लिसिलाला मिळाला होता. मान कसला, घाणीचं काम. उन्हाळ्याच्या सुरुवातीला देवीच्या नावाने डुकराची पिल्लं कुंपणालगतच्या खोल विवरात टाकायची आणि आता पेरणीआधी त्यांचं कुजून झालेलं खत वर काढून वेदीवर धान्यात मिसळायचं. प्रत्येक शेतकरी त्यातलं थोडं नेऊन आपल्या बियाण्यात घालणार, तेव्हा नांगर जुंपले जाणार. त्याशिवाय रानात दाणा टाकायची छाती गावात कुणाचीच नव्हती. उतरणारी बाई सणाच्याही आधी तीन दिवस नवऱ्यापासून दूर राहिलेली हवी. वेदीवर चढण्याआधी दुसऱ्या कुणी त्या खताला हात लावला तर ते बाटलं.

डुकरंच का, तर पाताळाच्या राजाने देवीची मुलगी पळवली तेव्हा जमीन फाटली आणि तिथे चरणारी डुकरंही मुलीसोबत आत गेली. ही गोष्ट सगळ्या जणी मिटक्या मारत सांगायच्या. लिसिला मात्र लहानपणापासून एकाच ठिकाणी अडायची. मुलीच्या बापाने, झ्यूसने, परस्पर होकार दिला होता. आईला विचारलंसुद्धा नव्हतं. तेवढं वाक्य सांगताना म्हाताऱ्याही आवाज खाली आणायच्या.

दुसरा दिवस उपासाचा. बायका जमिनीवर बसून होत्या, केसांत फूल नाही की पोटात घास नाही. दुपार कलली तशी शिव्यांची पाळी आली. दुःखात बसलेल्या देवीला एका बाईने चावट बोलून हसवलं होतं, म्हणून त्या दिवशी बायकांनी एकमेकींना वाट्टेल ते बोलायचं आणि कुणी मनाला लावून घ्यायचं नाही असा रिवाज.

"ए लिसिला," समोरून फिला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा फाळ बोथट झालाय म्हणतात. नाहीतर एका पोरीवर कशी थांबली असतीस?"

बायका खिदळल्या.

"आणि तुझ्या भावाचा फाळ बघ," लिसिला म्हणाली. "दोघी मेल्या त्याच्या नांगराखाली."

"मग तिसरी येतेय की. उद्या संध्याकाळी. तुझ्याच गोठ्यातली."

हशा पिकला. लिसिलाही हसली. फिलाला चेव आला.

"तू बस इथे डुकरं उपसत. मशाल धरायला तुझी नणंद तयार आहे."

लिसिलाचं हसू तिथेच थांबलं. नवरी निघाली की पुढे मशाल धरते ती तिची आई. आई नसेल तरच दुसरी कुणी. एवढ्या बारकाव्याची थट्टा कुणी हवेतून काढत नाही.

"मशालीचं तुला कुणी सांगितलं?"

फिला डोळे चुकवून पायाखालची माती उकरायला लागली. बाकीच्या अजून हसतच होत्या.

तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. फिलाचा भाऊ थेओफॉन पन्नाशीचा, आणि लिसिलाची हेदिले चौदाची. उन्हाळ्यात नवऱ्याने, आंद्रोक्लीसने, हा विषय काढला तेव्हा लिसिलाने घर डोक्यावर घेतलं होतं. तो पुन्हा बोलला नाही, तिला वाटलं मिटलं. तो बायको टेकडीवर जायची वाट बघत होता.

ती निकोबुलेकडे गेली. ही म्हातारी बायकांनी निवडलेली पुढारीण.

"आजी, मला घरी जायचंय. माझ्या पोरीला उद्या देऊन टाकतोय तो."

"उपास मोडून आजवर कुणी गेलेलं नाही. तू गेलीस तर खाली कोण उतरेल?"

"तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले?"

"ऐकलं. माझ्या तिघी अशाच गेल्या. धाकटी तर बाराव्या वर्षी. तिन्ही वेळा मशाल मी धरली आणि हसत धरली. आता गप बस जा."

नवऱ्याचा राग आला होताच. त्याहून जास्त राग तिला त्या 'हसत'चा आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकांनी साप पळावेत म्हणून टाळ्या वाजवल्या आणि लिसिला शिडीने विवरात उतरली. नाकाला फडकं बांधूनही उमासे येत होते. तिने दहा बादल्या भरल्या. वरून दोर आला. तिने तो बांधला नाही.

"ओढू का?" वरून कुणी विचारलं.

"नाही. आधी माझी हेदिले इथे आणा. तोवर चिमूटभरही वर येणार नाही."

बायका हसल्या. त्यांना वाटलं, कालच्या शिव्या अजून संपल्या नाहीत. मग दोर लोंबकळतच राहिला आणि एकेकीचं हसू ओसरलं.

निकोबुले काठावर वाकली. "गाव उपाशी मरेल, भवाने."

"देवीने दुसरं काय केलं होतं? पोर परत मिळेपर्यंत दाणा उगवू दिला नाही तिने. त्यासाठीच तर पाया पडता ना तिच्या? मग आता पडा."

कुंपणाबाहेर पुरुष टोपल्या घेऊन उभे होते. त्यांना कळायला वेळ लागला नाही. आंद्रोक्लीसचा आवाज विवरात घुमला.

"लिसिला, मुकाट्याने वर ये. लोकांत शोभा करू नकोस माझी."

"शोभा तू केलीस," ती खालून म्हणाली. नवऱ्याला तिने जन्मात पहिल्यांदा अरेतुरे केलं. "चोरासारखी पोर विकायला काढलीस."

"शब्द दिलाय मी थेओफॉनला. साक्षीदारांसमोर."

"मग बियाण्यात तोच कालव."

बाहेर कुजबुज वाढली. पाऊस पडून चार दिवस झाले होते, ओल उडत होती. थेओफॉनचं रान सगळ्यांत मोठं, बारा बैल जुंपून उभे. शेवटी तोच बोलला, आणि बाजारात बोलावं तसं बोलला.

"आंद्रोक्लीस, तुझी पोर तुझ्याकडेच ठेव. तुझा शब्द तुला परत. मला पेरायचंय. पोरी काय, पुन्हा मिळतील."

लिसिलाने खाली उभ्या उभ्या ते ऐकलं. ती जिंकली होती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. बादलीभर कुजक्या डुकरापुढे तिची हेदिले हलकी ठरली होती, आणि असल्या माणसाच्या हातात बाप तिला देणार होता. तिने भिंतीवर मूठ आपटली.

"ऐकलंस ना?" निकोबुलेने विचारलं. "आता बांध."

"पोर डोळ्यांनी दिसल्यावर."

"कुमारिकेला आत बंदी आहे," फिला म्हणाली.

निकोबुले तिच्याकडे वळली. "पोरीसाठी जिने जग उपाशी ठेवलं, ती एका पोरीला दारातून हाकलेल होय? जा, घेऊन या तिला. जा म्हणते ना."

हेदिले आली ती नवरीच्या न्हाणाने ओले झालेले केस घेऊन. केशरी ओढणी कुणी काढायचीच विसरलं होतं. तिने विवरात डोकावून "आई" म्हटलं. मग लिसिलाने दोर बांधला.

वेदीवर धान्यात खत मिसळून झालं आणि कुंपणाच्या दारात वाटप सुरू झालं. थेओफॉन आपला वाटा घेऊन मागे न बघता गेला. बाकीचेही गेले. शेवटी आंद्रोक्लीस टोपली घेऊन पुढे आला. लिसिलाच्या अंगाला अजून विवराचा वास येत होता. तिने शेवटची बादली उचलली आणि हेदिलेच्या हातात दिली.

"आता तिच्याकडे माग."

"वेडी झालीस का? तुमचंच पोट आहे त्या शेतावर."

"तिलाच विचार."

मागे सगळ्या बायका उभ्या होत्या. एकही हसत नव्हती. आंद्रोक्लीसने इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला.

"हेदिले, दे ती बादली." कुणी हललं नाही. तो पुन्हा म्हणाला, हळू आवाजात, "देतेस का?"

चौदा वर्षांत त्या मुलीला तिच्या बापाने काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने आईकडे पाहिलं. आईने मान वळवून घेतली. हे उत्तर आईने द्यायचं नव्हतं. हेदिलेने दोन्ही हातांनी बादली पोटाशी धरली.

"नाही," ती म्हणाली.