ज्याचा स्वार्थ, त्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी ओकच्या लाकडाची खुर्ची आहे. ओबरटालच्या नगरसभेत भिंतीला पाठ लावून एकटी उभी असते. सुतार क्नाउसने मला घडवलं आणि मुद्दाम गादी दिली नाही. माझ्यावर कुणी ऐसपैस बसावं अशी सोयच नको होती. ज्या विषयात सभासदाचा स्वतःचा स्वार्थ असेल, त्याने टेबल सोडायचं, माझ्यावर येऊन बसायचं आणि मत न देता गप्प राहायचं, ही आमची रीत.

मी चार अक्षरं शिकले नाही, पण बसण्यावरून माणसाची नियत ओळखते. बेकरीवाली श्टाइगरबाई दुकानापुढच्या गल्लीसाठी बसली. सभासद माउटेसाहेब नुसत्या आपल्या घराच्या कुंपणासाठी बसले. लोक म्हणत, "हिच्यामुळे गाव सरळ आहे." मी तोऱ्यात असायचे. का नसावं?

परवा विषय निघाला, शाळेसमोरून जाणाऱ्या डिझेल बस दोन वर्षांत बंद करायच्या. माउटेसाहेब तासभर विरोधात बोलले. तेव्हा सभासद गेर्लिंडबाईंनी टेबलावर एक पत्रक आपटलं आणि वाचून दाखवलं. डिझेल विकणाऱ्यांच्या संघटनेचे पगारी सल्लागार म्हणून त्यात साहेबांचं नाव छापलेलं!

"साहेब, खुर्ची रिकामी आहे. कुंपणासाठी बसलात, आता पगारासाठी गुडघे दुखतात का?"

"मी सल्ला देतो हो बाई, डिझेल विकत नाही! आणि तुमची नात त्याच शाळेत खोकते ना? मग स्वार्थ तुमचाही. बसा की तुम्हीच!"

माउटेंच्या बाजूचे हसले. महापौर म्हणाले, "ज्याचं त्याने ठरवावं."

आणि ती रीत पाळणारी वेडी बाई उठली! नको गं, माघारी फिर, मी आतून ओरडत होते. ती बसली. पाच हात बाजूने, पाच विरोधात, त्यांतला एक माउटेंचा. बरोबरी झाली की ठराव पडतो. पडला.

"माझ्या नातीला, लिओबाला काय सांगू?" ती पुटपुटली. मला हात असता तर मीच वर केला असता.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादी नको. चांगली माणसं आपणहून उठून येतात आणि मुकी होतात. न उठणाऱ्याला दंडाला धरून माझ्याकडे आणा. सकाळी सव्वासातला पहिली बस लिओबाच्या वर्गाच्या खिडकीखाली धूर सोडत थांबते. त्याआधी आणा हो कुणीतरी!