देठ खाली ठेवलेला भोपळा

आमच्या घरी बाजारातून भाजी येत नाही. मीठ, तेल, चहा, साखर आणि माझ्या नवऱ्याची बिस्किटं एवढंच येतं. बाकी जे शेतात असेल ते ताटात. माझ्या धाकट्या बहिणीला हे इतकं गोड वाटतं की ती दर फोनवर म्हणते, "ताई, काय भाग्य गं तुझं." तिला मी सगळं सांगत नाही. थंडी सरताना दीड-दोन महिने असे येतात की जुनं संपत आलेलं असतं आणि नवीन अजून बोटभर असतं. बटाट्यांना कोंब फुटतात, कांदे मऊ पडतात आणि भाग्यवान ताई रोज सकाळी कोठीच्या दारात उभी राहून आज काय करू म्हणून डोकं खाजवते.

तरी खरं सांगायचं तर मला हे आवडतं. भरल्या बाजारात मला काही सुचत नाही, तीनच वस्तू समोर असल्या की सुचतं. वाया मात्र मी काही जाऊ देत नाही. बटाट्याच्या साली कुरकुरीत तळते, पाल्याचे देठ सूपमध्ये जातात, शिळ्या पावाचा चुरा होतो. नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिच्याजवळ फार वेळ बसू नका, तुमचंही लोणचं घालेल."

सासऱ्यांना सगळे बाबा म्हणतात. ऐंशीच्या घरात आहेत. स्वयंपाकात त्यांनी लक्ष घालायचं नाही आणि बियाण्यात मी, असा आमचा जुना तह आहे. त्यांचा जीव भोपळ्यात. ती बी सासूबाईंनी लग्नानंतर माहेराहून आणलेली. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांचा वेल दरवर्षी कुंपणावर चढतो आणि बाबा त्याच्याशी चारचौघांत बोलतात. खायचे भोपळे आम्ही जरा लवकर उतरवतो. त्यांच्या बिया पोचट निघतात. एकच भोपळा बाबा वेल वाळेपर्यंत राखतात, तो बियांचा. कोठीतल्या फळीवर बाकीचे भोपळे देठ वर करून बसतात आणि तो एकटा देठ खाली करून. देठ खाली असलेल्याला हात लावायचा नाही, एवढाच घरचा नियम.

थोडी बी डब्यात साठवा, हे मी त्यांना सांगून थकले. त्यांचं म्हणणं, डब्यात बी म्हातारी होते. पेरून उरलेली सगळी ते वाटून टाकतात. गुरांचा डॉक्टर, बसचा ड्रायव्हर, जो दारात येईल तो मूठभर घेऊन जातो. दोन वर्षांपूर्वी चौकातली शिवणवाली पडद्यांचं माप घ्यायला आली, तर तिलाही दिली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बियांचं दुकान काढलंय की काय आपण?" जरा मोठ्यानेच म्हटलं, माझ्या जिभेला हाड नाही. तिने ऐकलं, पुडी पर्समध्ये ठेवली, माप पूर्ण घेतलं आणि गेली. पडदे नीट शिवून आले, पण दुसऱ्या कुणाच्या हाती. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

आता माझा पराक्रम ऐका. फळीवर उंदराच्या लेंड्या दिसल्या म्हणून मी सगळं उतरवलं, फळी घासली, नवीन गवत अंथरलं आणि उरलेले चार भोपळे पुसून परत ठेवले. चारही देठ वर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा मला ते कळलं नाही. त्यातले दोन आम्ही खाल्ले. मग बहीण म्हणाली की नवऱ्याला आणि दोन्ही मुलींना घेऊन जेवायला येते. पाहुण्यांसाठी माणूस चांगलं ते निवडतो. राहिलेल्या दोनांतला मी चांगला निवडला.

जेवण झकास झालं. भोपळ्याच्या फोडी कांदा-लसणावर मंद आचेवर शिजवल्या, सोबत घरची अंडी, घरचा पाव आणि वाफ्यातला कोवळा पाला. बिया धुतल्या, मीठ लावलं आणि भट्टीत भाजल्या. टपोऱ्या होत्या. या खेपेला बिया बऱ्या निघाल्या, असं मला वाटलंही. वाटलं आणि मी आणखी थोडं मीठ भुरभुरलं. मुलींनी वाटीवर धाडच घातली. बाबांनी एक बी तोंडात टाकली, जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मग मूठभर घेतल्या.

"छान भाजल्यात," ते म्हणाले.

"ताई बियासुद्धा सोडत नाही," बहीण म्हणाली. मी अशी फुलले की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत गेले. फळीवर एकच भोपळा होता, देठ वर. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग आठवलं की यांच्यात एक देठ खालीही असायला हवा होता. तो शेवटचा तिथेच कापला. बिया कागदासारख्या चपट्या. म्हणजे सासूबाईंचा वेल काल मी मीठ लावून पाहुण्यांना वाढला होता. एखादी आळशी बाई असती तर तिने बिया उकिरड्यावर फेकल्या असत्या, आणि तिथे त्या उगवल्या तरी असत्या. माझ्या काटकसरीने घात केला. मी खाली बसले आणि मनसोक्त रडले.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना सांगून टाक."

"पेरायला किती दिवस आहेत?"

"पाचेक."

"मग चौथ्या दिवशी सांगते."

डॉक्टरांना फोन केला. त्यांना पुडी मिळाल्याचं आठवत होतं. ठेवली कुठे ते आठवत नव्हतं. बसचा ड्रायव्हर म्हणाला, वेल उत्तम आला होता, शेळीलाही फार आवडला. उरली शिवणवाली. तीन दिवस मी तिच्या दुकानावरून नुसती गेले, आले. चौथ्या दिवशी आत शिरले.

ती मशीनवर होती. मला पाहून तिचा पाय थांबला. "या. पडदे उसवले का?"

"नाही हो, पडदे छान आहेत." कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून शेवटापासून केली. "भोपळ्याची बी मागायला आलेय. आमची मी भाजून टाकली."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. उठली आणि बटणांच्या डब्यांमागून एक छोटा डबा काढला.

"त्या दिवशी मी जे बोलले," मी म्हटलं.

"दुकानाचं?"

"हो. चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं. "पण दुसऱ्याच दिवशी बाबा आले होते इथे. म्हणाले, सुनेचं मनाला लावून घेऊ नका. तिच्या हातून काही म्हणता काही वाया जात नाही, म्हणून तर थोडी बी घराबाहेर ठेवावी लागते. तेव्हापासून दर वर्षी वेल लावते आणि नऊ बिया तुमच्या नावाने बाजूला ठेवते."

मी ओशाळले, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. नऊही बिया टपोऱ्या होत्या. वाटेत त्या खिशात ठेवायचीसुद्धा भीती वाटली. मुठीत धरून घरी आणल्या.

बाबा कुंपणाशी खड्डे करत होते. मी त्यांच्यापुढे मूठ उघडली. त्यांनी बिया बोटाने हलवून पाहिल्या.

"शिवणवालीकडे गेली होतीस तर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच बीला कळलं. पोचट बी दाताखाली अशी फुटत नाही."

"मग बोलला का नाहीत? चार दिवस माझा जीव टांगणीला लागलाय."

"बहीण कौतुक करत होती तुझं. त्यात मी कशाला मोडता घालू? आणि नंतर म्हटलं, जाईल आपणहून. तिकडे जायचं राहिलंच होतं तुझं."

एक गोष्ट मात्र मनात खुटखुटत होती. "कळलं होतं तर मग मूठभर कशाला खाल्ल्या? निदान तेवढ्या तरी वाचल्या असत्या."

"भाजलेली बी कुठे उगवते," ते म्हणाले आणि फावड्यावर हात टेकून उभे राहिले. "पन्नास वर्षं पेरतोय ही बी, पण खाऊन कधी बघितली नव्हती. तुझी सासू हात लावू द्यायची नाही."

मला हसूही आलं आणि रडूही. मी पाण्याची झारी आणली. त्यांनी एकेक बी टोक खाली करून खड्ड्यात लावली, मी वरून माती ओढली. नववी लावून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"या वर्षी दोन भोपळे देठ खाली ठेवू," ते म्हणाले. "एक पेरायला, एक भाजायला."