पावणेसहाची टिणटिण

बाबांचा जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर शांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला क्वार्टरमधला फोन टिणटिणला. पुरता वाजला नाही. घंटीवर कुणी नखाने हलकेच मारावं तसा आवाज. मी उचलायला उठले.

"उचलू नको," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुझं पत्र येतंय." मग चहाचं पातेलं हातात धरून ती दारात आली. माझ्याकडे पाहत राहिली. "पण तू तर हितं बसलीस."

बाबा, म्हणजे सूर्यभान सर, नेवाशाजवळच्या तंत्रनिकेतनात संगणक विभाग सांभाळायचे. मी शिकायला इंग्लंडात लीड्सला गेले तेव्हा त्यांनी लॅबमधल्या युनिक्सच्या मशीनला एक काम लावून दिलं. रोज सकाळी, लाइन मोकळी असताना, मशीनने आपणहून पुण्याच्या सर्व्हरला फोन लावायचा, तिथे साठलेलं ईमेल उचलून आणायचं आणि फोन ठेवायचा. लॅबच्या लाइनचीच एक जोडणी आमच्या क्वार्टरला होती. मशीन नंबर फिरवू लागलं की घरातला फोन टिणटिणायचा.

"मी आधण ठेवायची," आई सांगू लागली. "हे लॅबमधी जाऊन यायचे. मी इचारायची, काय म्हणतीय पोरगी? मग चहा पिता पिता सांगायचे."

"काय सांगायचे?"

"आता काय काय सांगू? बर्फ पडला. मेथीची जुडी घावली. त्या दातदुखीनं तर आठवडा खाल्ला. रोज इचारायची मी, दात कसा हाय? मग लवंगा नाय का धाडल्या तुला?"

माझा दात कधीच दुखला नव्हता. लवंगांची पुरचुंडी मात्र आली होती. आईने का पाठवली असेल ते न कळून मी त्या भातात घालून संपवल्या होत्या.

त्याच दिवशी हर्षलने लॅबमध्ये बोलावलं. तो बाबांचाच विद्यार्थी, आता त्यांच्या जागी आलेला. बाबांच्या खुर्चीवर न बसता त्याने शेजारी स्टूल ओढलं होतं.

"ताई, सरांचं खातं आता बंद करायचंय. ईमेल माझ्या नावाने आणायचं, वेळही बदलायचीय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नाही."

त्याने बाबांची टपालपेटी उघडून दिली. काम झालं की मशीन मालकाला अहवाल लिहून ठेवत असे. बाबा ते वाचून पुसून टाकत असावेत, कारण पेटीत फक्त ते गेल्यानंतरचे अहवाल होते. एकाखाली एक, सगळे एकाच मजकुराचे: तुमच्यासाठी टपाल नाही. बाबांना लिहिणारी मी एकटीच, आणि मी तर इथे आले होते. तरी मशीन रोज सकाळी पुण्याला जाऊन बघत होतं आणि परत येऊन त्यांना कळवत होतं.

"बंद करू?" हर्षलने हळूच विचारलं.

"क्वार्टर कधी सोडायचं आहे?"

"महिनाअखेर. तेव्हा तिकडची लाइनही काढतील."

"मग तोवर राहू दे."

घरी आले तेव्हा आई तूरडाळ निवडत होती. वर न बघताच तिने विचारलं, "मग? कोण लिहितंय?"

"कुणी नाही. पत्र असो नसो, मशीन रोज फोन लावतं. घंटी वाजतेच."

तिची बोटं डाळीतून फिरत राहिली. "म्हंजी तू रोज लिहीत नव्हतीस."

"आठवड्याला एक लिहायचे."

"आन् बाकीची?"

तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला, मग आणखी एक.

"लबाड मानूस," ती म्हणाली. "बसल्या जागी पोरीचा दात दुखवला." ती हसली, आणि हसता हसताच तिने पदर तोंडावर ओढून घेतला. सूप मांडीवरून घसरलं. डाळ मीच गोळा केली.

त्यानंतर रोज फोन टिणटिणला की आई आधण ठेवायची. विचारायची मात्र नाही. दोन कप भरायची, एक माझ्यापुढे सरकवायची.

महिना संपला. आई घोडेगावला मामाकडे राहणार होती. तिथे फोन नव्हता. शेवटच्या सकाळी सामान बांधून झालं होतं. बाहेर राहिलं होतं ते चहाचं पातेलं, दोन कप आणि जमिनीवर ठेवलेला फोन. आम्ही दोघी त्याच्याजवळ बसून होतो.

टिणटिण झाली.

आईने चहा ओतला. कप माझ्या हातात दिला. नजर फोनवरच ठेवून तिने विचारलं, "काय म्हणतीय पोरगी?"

मी एक घोट घेतला. बाबा काय म्हणाले असते ते काही सुचेना.

"बरी हाय म्हणती," मी म्हणाले. "तिकडं थंडी लई हाय. दात आता दुखत न्हाई."

"लवंगा पोचल्या का?"

"पोचल्या."

"मग ठीक हाय," आई म्हणाली, आणि कप विसळायला उठली.